मुद्दलाची लावणी : लेंबोंगान बेटावरील वास्तव्य आणि गुंतवणूक



इंडोनेशियाच्या राष्ट्रभाषेत गुंतवणुकीस 'पनानामान मोदाल' असे म्हणतात. यातील 'मोदाल' हा शब्द दक्षिण भारतातील व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेलेला आहे. तमिळमधील 'मुदल' हे त्याचे मूळ, आणि आपल्या 'मुद्दल' या शब्दाशी असलेला त्याचा सारखेपणा कानाला तत्काळ जाणवतो. 'पनानामान' म्हणजे रोप जमिनीत रोवणे. तेव्हा गुंतवणूक म्हणजे मुद्दलाची लावणी. लावणी हा शब्द मी अर्थातच शेतातला वापरीत आहे, फडातला नव्हे. परकीय भांडवलासंबंधीचा त्या देशाचा जो कायदा १९६७ साली झाला, त्याच्या नावातही हाच शब्दप्रयोग आहे. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी शब्दाच्या मुळाचा विचार केला असेल असे मला वाटत नाही; परंतु लावणी म्हटली की जमीन कोणाची, पाणी कोणाचे आणि पीक बुडाले तर ते कोणाचे बुडाले, हे प्रश्न ओघानेच येतात. शेअरबाजाराच्या परिभाषेत ते सहसा येत नाहीत. आजच्या व्याख्यानात हे प्रश्न एका लहानशा बेटाला लावून पाहावे, असा माझा विचार आहे.

विषयाला तात्कालिक निमित्तही आहे. बालीला भेट देणाऱ्या परदेशी पर्यटकांत २०२३ साली भारतीयांचा क्रमांक ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल होता. त्यांपैकी काही जण देवळे, भातखाचरे व समुद्र पाहून परत येतात. काही जण जमिनीचे भाव विचारून येतात. आयुष्याची उत्तरार्धातली वर्षे समुद्रकाठच्या एखाद्या शांत गावी घालवावी, थोडे पैसेही तिथे गुंतवावे, दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्या, ही इच्छा मनुष्यस्वभावाला धरून आहे व तिच्यात निंद्य असे काही नाही. मात्र ती पुरी करताना गावाचे काय होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

बालीच्या आग्नेयेस, बाडुंगच्या सामुद्रधुनीपलीकडे, तीन बेटे आहेत. सर्वांत मोठे पेनिडा, सर्वांत लहान चेनिंगान, आणि वायव्येकडील लेंबोंगान. तिन्ही बेटे क्लुंगकुंग जिल्ह्यात मोडतात. बालीच्या सानूर किनाऱ्यावरून वेगवान बोटीने लेंबोंगानला जाण्यास अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ लागत नाही. बेट जेमतेम आठ चौरस किलोमीटरांचे असून त्यावर जुंगुटबातू आणि लेंबोंगान अशी दोन गावे आहेत. बालीचे जे हिरवेगार चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते त्याचा येथे मागमूस नाही. चुनखडीचा खडक, वर पातळ माती, नदी एकही नाही. भात पिकत नाही. मका, कसावाचे कंद आणि कडधान्ये एवढेच काय ते पीक. जुन्या काळी बालीचे राजे नको असलेल्या माणसांना पेनिडावर हद्दपार करीत. रोगराई आणणारी आसुरी शक्ती याच बेटावरून समुद्र ओलांडून येते, अशीही बालीतील लोकांची समजूत होती. ज्या जमिनीला भात येत नाही आणि जिथे जाण्यास लोक भितात, तिला भाव येण्याचे कारण नव्हते. पन्नास वर्षांपूर्वी लेंबोंगानच्या किनाऱ्यालगतची जमीन वारसाहक्कात मिळणे हे कमनशिबाचे समजले जात असे. नारळीची चार झाडे सोडली तर खाऱ्या वाऱ्यात तिथे काही टिकत नसे.

ही परिस्थिती पालटली ती प्रथम समुद्री शेवाळामुळे. पर्यटन त्यानंतरचे. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कॅराजीनन नावाचा एक चिकट पदार्थ विशिष्ट जातीच्या लाल शेवाळांपासून निघतो. आइस्क्रीम, दंतमंजनाची पेस्ट, डबाबंद मांस, चॉकलेटमिश्रित दूध अशा अनेक वस्तूंना दाटपणा आणण्यासाठी त्याचा उपयोग होतो. पूर्वी हे शेवाळ समुद्रातून जसे मिळेल तसे गोळा करीत. १९७० च्या दशकाच्या आरंभी फिलिपाइन्समध्ये त्याची पद्धतशीर लागवड यशस्वी झाली आणि १९८० च्या दशकात ती बालीच्या या बेटांवर रुजली. लेंबोंगान आणि चेनिंगान यांच्यामधील उथळ खाडी आणि जुंगुटबातूसमोरील प्रवाळभिंतीच्या आतले संथ पाणी या लागवडीसाठी जणू आखून ठेवलेले होते. पाणी स्वच्छ, प्रवाह पुरेसा, तळ वाळूचा आणि ओहोटीला कमरेइतकीच खोली.

लागवडीची रीत समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यातच त्या गावाच्या अर्थव्यवस्थेचे मर्म आहे. तळाच्या वाळूत लाकडी खुंट ठोकतात. खुंटांच्या रांगांमधून दोर ताणतात. दोरावर वीतभर अंतराने शेवाळाच्या ओंजळीएवढ्या फुटव्या प्लॅस्टिकच्या सुतळीने बांधतात. हेच बियाणे. ते दरवेळी मागच्या पिकातून काढून ठेवायचे, विकत घ्यावे लागत नाही. खत नाही, नांगर नाही, पाणी देणे तर नाहीच. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पीक कापणीला येते. घाई असेल तर महिन्याभरातही कापतात, मात्र मग प्रत उतरते. कापलेले शेवाळ होडीतून किनाऱ्याला आणायचे, किनाऱ्यामागच्या मोकळ्या जागेवर तीन-चार दिवस पसरून वाळवायचे आणि पोत्यांत भरून व्यापाऱ्याला द्यायचे. आठ-दहा किलो ओल्या मालाचे वाळून एक किलो होते.

या सर्वाला मुद्दल किती लागते? दोर, सुतळी, खुंट, आणि एक होडी. होडी तिकडे 'जुकुंग' म्हणतात ती, दोन्ही बाजूंस उलांडी असलेली. कोकणातील श्रोत्यांना ती परकी वाटणार नाही. एवढे भांडवल एखादे कुटुंब दोन हंगामांच्या मिळकतीतून किंवा नातलगांकडून हातउसने घेऊन उभे करू शकते. दोर समुद्रात टाकल्यापासून दीड महिन्यात पैसा घरात येतो. वादळाने दोर तोडले तर नुकसान दीड महिन्याचे होते. जमीन किंवा घर जात नाही. समुद्राच्या तळावर कोणाची मालकीपत्रे नसतात, परंतु अमुक रांगा अमुक कुटुंबाच्या हे सर्वांना ठाऊक असते. ती वहिवाट मुलाकडे जाते, भावाला देता येते, आजारपणात शेजाऱ्याला सांभाळण्यास देता येते. अशा वहिवाटीमागे शेजाऱ्याच्या मान्यतेखेरीज दुसरा कोणताही दस्तऐवज नसतो.

मी या व्यवसायाचे सोज्ज्वळ चित्र रंगवीत आहे, असा समज होऊ नये. ओहोटीचे वेळापत्रक मनुष्याच्या सोयीने चालत नाही. मध्यरात्री ओहोटी असेल तर मध्यरात्री, कंदील घेऊन पाण्यात उतरावे लागते. बांधणीचे काम मुख्यत्वे स्त्रियांचे असते आणि तासन् तास वाकून बसल्याने पाठ मोडते. पाणी तापले किंवा क्षारता बदलली की शेवाळाच्या फांद्या पांढऱ्या पडून गळतात. या रोगाला 'आइस-आइस' म्हणतात आणि त्यावर औषध नाही. भावाचा तर भरवसाच नसतो. २००८ साली चिनी खरेदीदारांच्या मागणीने भाव एकाएकी गगनाला भिडले, आणि लोक दोर वाढवून बसले तोच ते कोसळले. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मंडपम आणि रामेश्वरमच्या परिसरात, हीच शेवाळशेती बांबूच्या तराफ्यांवर सुरू झाली. तेथील बचतगटांतील स्त्रियांना या साऱ्या अडचणी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

तथापि, जमेची बाजू अशी की या पिकाने एका पिढीत बेटाचे रूप पालटले. गवती छपरे गेली, कौले आली. मुले बालीतील शाळा-महाविद्यालयांत गेली. देवळांचे जीर्णोद्धार झाले, आणि बालीत हा समृद्धीचा सर्वांत खात्रीचा पुरावा होय. हे सारे बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या कृपेने घडलेले नव्हते. व्यापारी बाहेरचा होता व बाजार तर थेट परदेशचा, परंतु लावणी गावाची होती.

त्यानंतर समुद्रावर लाटांचे खेळ खेळणारे तरुण आले, पाणबुडे आले आणि त्यांच्यामागोमाग जमीन घेणारे आले. शेवाळ वाळविण्याच्या ज्या खळ्यांना कवडीचे मोल नव्हते, ती समुद्रदर्शनी असल्याचा शोध लागला. बालीत जमिनीचा भाव 'आर'वर सांगतात, म्हणजे शंभर चौरस मीटरांवर. आपल्या सातबाऱ्यावरील आर तो हाच. भाडेपट्टा असेल तर 'दर आर, दर वर्ष' असा हिशोब करून पंचवीस-तीस वर्षांची रक्कम बहुधा एकरकमी देतात. ज्याने आयुष्यभर दीड-दीड महिन्याचे हिशोब केले, त्याच्या हाती एका दिवशी पंचवीस वर्षांचे पैसे पडतात. त्यातून मोटारसायकल येते, घराचा मजला चढतो, एखाद्या मुलाचे लग्न थाटात होते. पाच-सहा वर्षांत रक्कम संपते आणि उरलेली वीस वर्षे जमीन दुसऱ्याकडे असते. सर्वांच्याच बाबतीत असे घडते असे नाही. काही कुटुंबांनी त्याच पैशातून स्वतःच्या चार खोल्या बांधल्या आणि ती आज सुखात आहेत. पण मोठी रक्कम हाताळण्याची सवय ही सुद्धा एक प्रकारची मिळकत आहे आणि ती वारशाने येते, हे नाकारता येत नाही.

येथे इंडोनेशियाच्या जमीन कायद्याकडे वळले पाहिजे. डच राजवटीने १८७० साली एक जमीन कायदा केला होता. ज्या जमिनीवर मालकी सिद्ध करता येत नाही ती सरकारची, असे तत्त्व त्यानंतर लागू झाले, आणि अशा जमिनी मळेवाल्यांना पंचाहत्तर वर्षांच्या पट्ट्याने देण्याची सोय झाली. कागद नसलेला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीवर एका रात्रीत परका ठरला. स्वातंत्र्यानंतर, २४ सप्टेंबर १९६० रोजी, या साऱ्याला मूठमाती देणारा मूलभूत जमीन कायदा झाला. तो दिवस तेथे शेतकरी दिन म्हणून पाळतात. जमिनीवरील प्रत्येक हक्कास सामाजिक कर्तव्य जोडलेले आहे, असे या कायद्याचे सहावे कलम सांगते. पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळू शकते, असे एकविसावे कलम सांगते. 'हक्क' आणि 'मिल्कत' हे आपले शब्द ज्या अरबी मुळांतून आले त्याच मुळांतून आलेला हा शब्द आहे, तेव्हा त्याचा अर्थ आपणांस वेगळा सांगावयास नको.

शेतजमिनीच्या बाबतीत तर याहूनही कडक नियम आहे. काही अपवाद वगळता, जमीन ज्या तालुक्यात असेल त्या तालुक्यात मालकाने राहिले पाहिजे. जकार्ताच्या धनिकालाही हा नियम लागू आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी असे बंधन आहे, त्यामागचा हेतू बव्हंशी हाच. नियम किती पाळला जातो हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येईल. पण त्याचा उद्देश संदिग्ध नाही.

मग परकीयाला काय मिळते? त्याला वास्तव्याचा परवाना असेल तर राहत्या घरासाठी 'हाक पकाइ', म्हणजे वापराचा हक्क, मिळतो : प्रथम तीस वर्षे, मग वीस वर्षांची मुदतवाढ, मग तीस वर्षांचे नूतनीकरण. व्यवसाय करावयाचा असल्यास त्याने तेथे परकीय भांडवलाची कंपनी स्थापावी लागते, व तिची गुंतवणूक जमीन आणि इमारत सोडून दहा अब्ज रुपियांहून अधिक असावी लागते. आपल्या चलनात हे पाच-साडेपाच कोटी रुपये होतात. अशा कंपनीस इमारत बांधण्याचा मुदतबंद हक्क मिळतो. दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवू इच्छिणाऱ्या गृहस्थाला हा मार्ग मोकळा नाही. तो मोकळा नसावा, अशीच कायद्याची इच्छा आहे : लहान धंदा गावकऱ्यांसाठी राखलेला आहे.

नेमक्या याच ठिकाणी दलाल भेटतो. तो सांगतो, जमीन एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर घ्या आणि त्याच्याकडून कर्जरोखा, मुखत्यारपत्र व भाडेपट्टा लिहून घ्या. म्हणजे नाव त्याचे, जमीन तुमची. आपण याला बेनामी म्हणतो आणि १९८८ साली आपण त्याविरुद्ध कायदाही केला. इंडोनेशियाच्या कायद्याचे सव्विसावे कलम स्पष्ट आहे. परकीयाकडे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मालकी जाईल असा कोणताही व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तरीही हे व्यवहार सर्रास होतात. नाव देणारा बहुधा वाहनचालक, माळी किंवा हॉटेलातील नोकर असतो. तो वारला, त्याचा घटस्फोट झाला किंवा त्याच्या मुलांना जमिनीचा भाव कळला की प्रकरण उघड्यावर येते. अशा वेळी फसविला गेल्याची तक्रार करणाऱ्या परदेशी माणसाबद्दल मला फारशी सहानुभूती वाटत नाही. कायदा चुकविण्यासाठीच जो कागद केला, त्याने आपल्याला राखावे ही अपेक्षा विलक्षण आहे.

२००७ च्या गुंतवणूकविषयक कायद्याने भांडवलदारांना खूश करण्यासाठी इमारतीच्या हक्काची मुदत आगाऊ वाढवून ऐंशी वर्षांपर्यंत देण्याची सोय केली होती. डचांच्या पंचाहत्तर वर्षांहून ही पाच वर्षे अधिक होतात, ही गोष्ट तेथील टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही. २००८ च्या मार्चमध्ये तेथील घटना न्यायालयाने ही आगाऊ मुदतवाढ घटनाबाह्य ठरविली. त्याच २००७ साली किनारी प्रदेशासाठी आणखी एक कायदा झाला. त्यात समुद्राचा पृष्ठभाग, खालचे पाणी आणि तळ, हे सारे वीस वर्षांच्या हक्काने खाजगी व्यक्तीस किंवा कंपनीस देता येईल, तो हक्क विकता येईल व गहाणही ठेवता येईल, अशी तरतूद होती. लेंबोंगानच्या दोरांच्या रांगा डोळ्यांपुढे आणल्या म्हणजे या तरतुदीचा अर्थ ध्यानात येतो. मच्छीमार आणि त्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि २०११ च्या जूनमध्ये तीही तरतूद रद्द झाली. एवढे होऊनही २०२५ च्या जानेवारीत जकार्ताजवळ तांगेरांगच्या किनाऱ्यावर तीस किलोमीटर लांबीचे बांबूचे कुंपण थेट समुद्रात उभे असलेले आढळले. चौकशी करता असे दिसून आले की तेथील पाण्यावर अडीचशेहून अधिक इमारत-हक्कपत्रे अगोदरच देण्यात आलेली होती. नौसैनिक व कोळी यांनी मिळून ते कुंपण उपसून काढले. पाण्यावर इमारतीचे हक्कपत्र ही कल्पना विनोदी वाटते, परंतु ज्या कोळ्याला त्या कुंपणाला वळसा घालून रोज अधिक तेल जाळावे लागले त्याला त्यात विनोद दिसला नसेल.

आता गावातील वास्तव्याविषयी. बालीतील गाव दुहेरी असते. एक सरकारी गाव, ज्याचा प्रमुख निवडून येतो व दाखले देतो. दुसरे 'देसा आदात', म्हणजे रूढीने बांधलेले गाव, ज्याची देवळे, स्मशान, जमिनी आणि लिखित नियमावली असते. २०१९ च्या प्रांतिक कायद्याने या दुसऱ्या गावातील रहिवाशांचे तीन वर्ग मानले आहेत. गावचा पूर्ण सभासद, दुसऱ्या गावाहून आलेला बाली हिंदू, आणि 'तामियू', म्हणजे पाहुणा. जकार्ताहून आलेला मुसलमान अधिकारी तामियू, आणि मुंबईहून गेलेला गुजराती किंवा मराठी गृहस्थ, तो हिंदू असला तरी, तामियूच. सभासदाने गावाला श्रम द्यावयाचे असतात : उत्सवाची तयारी, प्रेतयात्रा, रस्त्याची डागडुजी. घराची जागा कित्येकदा गावाच्या मालकीची असून या श्रमाच्या बदल्यात कुटुंबाकडे असते, आणि ती विकता येत नाही. पाहुण्याने वर्गणी द्यावी आणि नियम पाळावे, एवढीच अपेक्षा असते. न्येपीच्या दिवशी, म्हणजे शक वर्षाच्या प्रारंभी, दिवसभर घराबाहेर पडावयाचे नाही व दिवा लावावयाचा नाही. विमानतळसुद्धा त्या दिवशी बंद असतो. या तीन बेटांवर याशिवाय समुद्राचाही एक न्येपी असतो, साधारणतः ऑक्टोबरच्या सुमारास. त्या दिवशी कोणी होडी घालीत नाही, पाणबुड्यांच्या बोटी बंद असतात, शेवाळ बांधणारी स्त्रीदेखील पाण्यात पाय घालीत नाही. ज्याने पाहुण्यांकडून त्या दिवसाचे भाडे आगाऊ घेतले असेल त्याला हा नियम जाचक वाटतो. त्याने तो भाडेपट्ट्यावर सही करण्यापूर्वी विचारावयास हवा होता.

पाण्याचा प्रश्न याहून कठीण आहे. चुनखडीच्या बेटाखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. पंपाने अधिक उपसा केला की विहीर मचूळ होते, आणि शेजाऱ्याची विहीर आपल्या पंपाने मचूळ झाली हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. खाजगी पैसा तलाव बांधतो, सार्वजनिक पैसा त्याच्या मागे धापा टाकीत येतो. लेंबोंगान आणि चेनिंगान यांना जोडणारा अरुंद झुलता पूल १६ ऑक्टोबर २०१६ रोजी, धार्मिक विधीसाठी लोक ये-जा करीत असताना, कोसळला. आठ जण मृत्यू पावले. त्यानंतर नवा पूल झाला.

गावाने स्वतःच्या मुद्दलाची जी व्यवस्था केली तिचा उल्लेख येथे केला पाहिजे, विशेषतः तिच्या जनकाचा भारताशी संबंध असल्यामुळे. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत शिकलेले इदा बागुस मंत्र हे १९७८ ते १९८८ या काळात बालीचे राज्यपाल होते. पुढे ते भारतात इंडोनेशियाचे राजदूतही झाले. त्यांच्या पुढाकाराने १९८४ साली रूढिबद्ध गावांच्या मालकीच्या पतसंस्था सुरू झाल्या. आज अशा चौदाशेहून अधिक संस्था बालीत आहेत. गावकरी ठेवी ठेवतात, गावकऱ्यालाच कर्ज मिळते, आणि नफ्याचा पाचवा हिस्सा गावाच्या कामांसाठी जातो. कर्ज बुडविणाऱ्याचे नाव ग्रामसभेत वाचले जाण्याची भीती तारणाहून परिणामकारक ठरते. काही संस्थांत अफरातफर झाली, व्यवस्थापक तुरुंगात गेले, हेही खरे. तरी नारळाची करवंटी आणि शेवाळाचे पोते यांच्या आधारे माणसाची पत ओळखणारी बँक याखेरीज दुसरी नव्हती.

२०१५ च्या सुमारास लेंबोंगानमधील शेवाळशेती जवळजवळ संपली होती. तरुण बोटींवर व हॉटेलांत गेले, खळ्यांच्या जागी बंगले उभे राहिले, खाडीतील खुंट कुजू लागले. २०१९ साली बालीस बासष्ट लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले. २०२० च्या एप्रिलमध्ये साथीमुळे इंडोनेशियाने परदेशी प्रवाशांना बंदी केली. त्या वर्षी बालीची अर्थव्यवस्था नऊ टक्क्यांहून अधिक आकसली, आणि २०२१ या संपूर्ण वर्षात थेट बालीस आलेल्या परदेशी पर्यटकांची संख्या शंभरही भरली नाही.

लेंबोंगानचे लोक पुन्हा पाण्यात उतरले. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी दोर गुंडाळून ठेवले होते त्यांनी ते सोडविले. ज्या मुलांनी कधी बांधणी केली नव्हती त्यांना आजीने शिकविली. बियाणे दुसऱ्या किनाऱ्यांवरून आणावे लागले. खाडी पुन्हा चौकोनाचौकोनांनी भरून गेली. हे शक्य झाले याचे कारण साधे आहे : खाडी कोणी विकली नव्हती. तिचा पट्टा झाला असता, २००७ चा कायदा टिकला असता, तर २०२० साली या लोकांना आपल्याच समुद्रात पाय ठेवण्यासाठी परवानगी मागावी लागली असती. अडचण आली ती किनाऱ्यावर. पाण्यातला माल वाळवायचा कोठे? खळ्यांच्या जागी पोहण्याचे तलाव होते. काहींनी रस्त्याच्या कडेला ताडपत्री पसरली, काहींनी बंद पडलेल्या उपाहारगृहांची अंगणे वापरली. पर्यटक परत आल्यावर, २०२२ नंतर, ही अंगणे पुन्हा खुर्च्यांनी भरली, आणि पुष्कळांनी दोर पुन्हा सोडले. काहींनी मात्र या वेळी थोड्या रांगा राखून ठेवल्या.

या अनुभवावरून गुंतवणुकीचे दोन प्रकार वेगळे करता येतात असे मला वाटते. एका प्रकारात पैसा आला तरी गावाला आपल्या जुन्या उद्योगाकडे परतण्याची वाट मोकळी राहते. दुसऱ्या प्रकारात ती वाट बुजते. पैसा देशी की परदेशी हा भेद मी त्यामानाने गौण मानतो, कारण तांगेरांगचे कुंपण कोण्या परदेशी माणसाने घातलेले नव्हते. शेजारच्या पेनिडा बेटावर केलिंगकिंगच्या प्रसिद्ध कड्याला लागून पर्यटकांसाठी उंच काचेचा पाळणा उभारण्यात येत होता; २०२५ च्या ऑक्टोबरअखेर त्याचे काम थांबविण्यात आले व नोव्हेंबरात राज्यपाल वायान कोस्तर यांनी तो पाडण्याचा आदेश दिला. भरतीच्या सर्वोच्च रेषेपासून किमान शंभर मीटरांचा पट्टा मोकळा राखावा, असा नियम त्या देशात स्पष्ट लिहिलेला आहे. आपल्याकडे किनारपट्टीचा नियम १९९१ पासून आहे आणि आपण तो कितपत पाळतो, हे गोव्यातील व कोकणातील श्रोते जाणतात.

यास्तव, मला जेव्हा कोणी विचारतो की तिकडे जागा घ्यावी काय, तेव्हा मी त्याला काही गोष्टी विचारून घेण्यास सांगतो. ज्या जागेचा पट्टा मिळत आहे तेथे पूर्वी काय वाळत होते. होड्या कोठून चढवीत असत. ती पायवाट कुंपणाच्या आत जाते की बाहेर राहते. विहीर कोणाकोणाची आहे. भाडे एकरकमी न देता दर वर्षी किंवा पाच वर्षांनी देता येईल काय, कारण हप्त्यांनी मिळालेला पैसा कुटुंबात टिकतो. मुदत संपल्यावर इमारत कोणाची, हे पट्ट्यात लिहिले आहे काय. बहुतेक पट्ट्यांत ती जमीनमालकाची होते. वीस-पंचवीस वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने तिच्या सळया गंजलेल्या असतात, आणि ती पाडण्याचा खर्च कोणी करावयाचा याबद्दल पट्टा बहुधा काही बोलत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात झालेल्या पट्ट्यांच्या मुदती येत्या काही वर्षांत संपत जातील. ज्यांनी सह्या केल्या त्यांपैकी अनेक जण तोवर म्हातारे झालेले असतील. जमीन परत घेताना तिच्यावर पुन्हा खळे करावयाचे की पुन्हा पट्टा द्यावयाचा, हे त्यांची मुले ठरवतील, आणि त्यांतील किती जणांना फुटव्याची गाठ बांधता येते हे २०२० सालीच समजून चुकले आहे.